परदेशी मदतीचा हिशेब जातीनिहाय मागा

दुष्काळ आणि परदेशी मदत हा विषय निघाला की आपल्या पोरांमध्ये लगेच दोन तट पडतात. मागच्या महिन्यात तालुक्याच्या अभ्यासवर्गात हेच झाले. एक म्हणाला, परक्या सरकारपुढे हात पसरणे देशाच्या स्वाभिमानाला शोभत नाही. दुसरा म्हणाला, ज्याच्या घशाला कोरड पडली आहे त्याला पैसा कोणत्या देशाचा हे विचारणे परवडत नाही, देत असतील तर घ्यावे. दोघेही तयारीने बोलले. पण दोघांचीही नजर देणाऱ्यावर होती. घेणारा कोण, यावर एकानेही तोंड उघडले नाही. 'देश घेतो', 'गाव घेते', 'शेतकरी घेतो' एवढ्यावरच सगळे भागले. हे तीन शब्द ऐकले की आंबेडकरी माणसाचे कान टवकारले पाहिजेत, कारण आपला माणूस नेमका या तीन शब्दांच्या फटीतून खाली पडतो.

स्वाभिमानाचे आधी उरकून टाकू. २०१८ मध्ये केरळमध्ये महापूर आला, संयुक्त अरब अमिरातीकडून ७०० कोटी रुपये येणार अशी चर्चा झाली, आणि केंद्र सरकारने परदेशी सरकारांची मदत न घेण्याचे २००४ पासूनचे धोरण पुढे केले. ते धोरण त्सुनामीच्या वेळचे. तेव्हाही दिल्लीने बाणेदारपणे सांगितले की आमचे आम्ही बघून घेऊ. त्याच दिवसांत तामिळनाडूच्या नागपट्टिणम किनाऱ्यावर दलित कुटुंबांना मदत छावण्यांबाहेर ठेवल्याच्या, धान्य आणि पाणी देताना डावलल्याच्या नोंदी मानवी हक्क संघटना करत होत्या. म्हणजे बाहेरच्याकडून घेण्याची लाज वाटणारा हा देश आपल्याच माणसाला छावणीच्या दारातून हाकलताना लाजला नाही. असला स्वाभिमान आपल्या खांद्यावर घेऊन फिरण्याचे आपल्याला काही कारण नाही.

बाबासाहेबांना या गोष्टीचे सोवळे नव्हते. १९५१ च्या ऑक्टोबरमध्ये मंत्रिमंडळातून बाहेर पडताना त्यांनी जे निवेदन केले, त्यात हिंदू कोड बिलाइतकेच परराष्ट्र धोरणावर बोट ठेवले आहे. देशाच्या ३५० कोटींच्या महसुलातले १८० कोटी सैन्यावर जातात, कारण अडचणीच्या वेळी धावून येईल असा एकही मित्र आपण ठेवला नाही, असा त्यांचा हिशेब होता. आपले लोक त्या निवेदनातला हिंदू कोड बिलाचा भाग पाठ म्हणून दाखवतात आणि हा भाग सोडून देतात. योगायोग असा की त्याच वर्षी भारत अमेरिकेच्या दारात गव्हासाठी उभा होता. पाऊस फसला होता, धान्य कमी पडले होते, आणि अमेरिकेची काँग्रेस महिनोन्महिने वाद घालत होती की कोरियाच्या युद्धात आपल्या बाजूला न येणाऱ्या नेहरूंना गहू द्यायचा की नाही. शेवटी जून १९५१ मध्ये १९ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर झाले. लक्षात घ्या, कर्ज. सगळी 'मदत' म्हणजे दान नसते.

पुढे १९६५ आणि १९६६ अशी लागोपाठ दोन वर्षे पाऊस गेला. बिहारमध्ये परिस्थिती इतकी खालावली की एप्रिल १९६७ मध्ये काही भागात दुष्काळ अधिकृतपणे जाहीर करावा लागला. अमेरिकेने पीएल-४८० खाली गहू पाठवला, आणि थोडाथोडका नाही, एका वर्षात स्वतःच्या पिकाचा जवळजवळ पाचवा हिस्सा पाठवला. पण अध्यक्ष जॉन्सन यांनी दोरी आखूड ठेवली. पुढच्या महिन्याचा गहू आता मंजूर करायचा की थांबायचे, हे ते स्वतः पाहत. व्हिएतनामवर भारत काय बोलतो आणि शेतीचे धोरण अमेरिकेला हवे तसे बदलतो की नाही, यावर जहाजे सुटायची. देणारा फुकट देत नाही, हा धडा भारताच्या राज्यकर्त्यांनी तेव्हा घेतला, हरित क्रांती केली, कोठारे भरली. त्याबद्दल त्यांचे कौतुक पाठ्यपुस्तकात असते.

पाठ्यपुस्तकात नसते ते असे. गया आणि पलामूमधला मुसहर किंवा भुइयां शेतमजूर दुसऱ्याच्या रानात राबून दिवसाच्या मजुरीत धान्य घेणारा. पाऊस गेला की जमीनवाल्याचे पीक बुडते, त्याच्या कणगीतले धान्य कमी होते. मजुराची मात्र मजुरीच बुडते, आणि कणगी त्याच्याकडे कधी नव्हतीच. बाजारात धान्य असले तरी विकत घेण्याची ऐपत संपली की माणूस उपाशी मरतो, हे अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या पुस्तकात आकड्यांनिशी मांडले. आपल्या वाडवडिलांना ते पुस्तक न वाचता ठाऊक होते. म्हणून दुष्काळाला 'निसर्गाचा कोप' म्हणणाऱ्यांना विचारावे, की हा कोप वस्ती ओळखून कसा काय होतो?

आता घरचे सांगतो. १९७२ चा दुष्काळ माझ्या आजीने अंगावर काढला. आमच्याकडे त्या वर्षाचे नाव घेतले की दोन शब्द हमखास निघतात, मिलो आणि सुकडी. मिलो म्हणजे अमेरिकेहून आलेली लाल ज्वारी. आजी सांगायची, "थापाया घ्यावं तर तुकडं पडायचं, खावं तर घशात टोचायचं. पर तीबी पोटभर नव्हती." बांगलादेश युद्धानंतर अमेरिकेने भारताची मदत रोखली होती, त्यामुळे त्या काळातले बरेचसे धान्य पैसे मोजून आणलेले होते. रेशनच्या रांगेतल्या माणसाला मात्र ती अमेरिकेची भीकच वाटली. सरकारनेही त्याचा तो समज दूर करण्याची फार घाई केली नाही. भीक मिळते आहे असे वाटणारा माणूस हिशेब विचारत नाही.

१९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसे होती. खडी फोडणे, रस्ते, नालाबांध, पाझर तलाव. आजी पाझर तलावावर होती. कामावर पाणी पाजायला वरच्या आळीची बाई ठेवलेली. आपल्या बायकांना ती ओंजळीत वरून पाणी ओतायची, भांडे लागू द्यायची नाही. सरकारी काम, सरकारी मजुरी, सरकारी पाणी, आणि त्यावर जातीचा पहारा. ही एका गावाची गोष्ट म्हणून सोडून देऊ नका. त्याच १९७२ साली परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात सवर्णांच्या विहिरीवर पाण्याला गेलेल्या आपल्या बायांना नागवे करून धिंड काढली होती. चवदार तळ्याला तेव्हा ४५ वर्षे झाली होती. राजा ढाले यांचा साधनेतला 'काळा स्वातंत्र्यदिन' हा लेख ज्या संतापातून आला त्यात ब्राह्मणगाव होते, आणि पँथर जन्माला आली ती याच वर्षी. पँथरचा इतिहास सांगताना आपण कविता सांगतो, वरळीची दंगल सांगतो. त्यामागे दुष्काळ होता, रिकामी घागर होती, हे सांगायला विसरतो.

पण माझा मुद्दा ओंजळीपाशी थांबत नाही. आजीने ज्या पाझर तलावावर माती वाहिली तो तलाव अजून आहे. त्याच्या खालच्या अंगाला गावातल्या चार मोठ्या घरांच्या विहिरी आहेत. पाझर तलावाचे काम नावाप्रमाणेच असते. पाणी अडते, जमिनीत मुरते आणि खालच्या विहिरींना पाझरते. त्या विहिरींवर आधी ऊस झाला, आता मोसंबी आहे. दगड आमच्या लोकांनी फोडले आणि पाझर त्यांच्या विहिरींना गेला. कोणी लबाडी केली नाही, कोणी कागद फिरवला नाही. पाणी जमिनीत मुरते आणि जमीन आपल्या नावावर नाही, एवढ्यावर सगळे झाले. दुष्काळी मदतीचा सगळा पेच या एका गोष्टीत आहे आणि तो समजून घेतल्याशिवाय परदेशी मदतीवर बोलण्यात अर्थ नाही.

याचे सगळ्यात चांगले उदाहरण जर्मन सरकारच्या मदतीचे आहे. चांगले अशासाठी म्हणतो, की ती मदत प्रामाणिक होती, नीट आखलेली होती आणि तिने खरोखर काम केले. वाईट कामावर टीका करणे सोपे असते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून महाराष्ट्राच्या अवर्षणप्रवण भागात भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम राबवला गेला. पैसा जर्मन सरकारचा, केएफडब्ल्यू या त्यांच्या विकास बँकेमार्फत येणारा. इथे तो नाबार्डकडून गावापर्यंत जाणारा. कल्पनेमागे हर्मन बाखर हे अहमदनगर जिल्ह्यात आयुष्य काढलेले जेझुइट पाद्री होते. ठेकेदार नाही, मंत्र्याचा भाचा नाही. गावाने ग्रामसभेत ठरवायचे, पाणलोट समिती नेमायची, प्रत्येक शेताच्या बांधावर जाऊन शेतकऱ्याबरोबर आराखडा करायचा, आणि आधी थोडे काम करून दाखवल्यावर मोठा निधी मिळायचा. माथ्यापासून पायथ्यापर्यंत चर, बांध, झाडे. बऱ्याच गावांत विहिरींची पातळी वाढली, टँकर बंद झाले, स्थलांतर कमी झाले. हे नाकारणारा माणूस खोटे बोलतो.

आता त्याच गावात शिरून बघा. या कार्यक्रमात गावाने काही बंधने पाळायची असतात. श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी. श्रमदानातून भूमिहीनांना सूट देण्याची तरतूद होती, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. पण चराईबंदीतून सूट कोणाला? डोंगरमाथ्यावर आणि गायरानात जनावरे सोडायची नाहीत, म्हणजे गवत वाढेल, झाडे जगतील, माती वाहून जाणार नाही. शास्त्र बरोबर आहे. पण गायरानावर जनावर कोणाचे चरते? ज्याच्या घरी दोन संकरित गाई आहेत तो त्यांना गोठ्यात विकतचा चारा घालतो. गायरानावर जाते ती आपल्या म्हातारीची शेळी, मेंढपाळाची मेंढरे, पारध्याची जनावरे. चराईबंदी होते त्या दिवशी मोठ्या घराला काही गमवावे लागत नाही आणि वस्तीवरच्या घराचे बँक बुक बंद होते. शेळी म्हणजे काय हे ज्यांनी शेळी पाळली नाही त्यांना कळायचे नाही. पोराची फी, दवाखाना, बाळंतपण, सगळे शेळीवर निघते.

अशाच एका पाणलोटाच्या गावात मी काही वर्षांपूर्वी गेलो होतो. गावाचे नाव घेत नाही, काम कोणत्या संस्थेचे तेही सांगत नाही, कारण तिथली माणसे भली होती. सरपंचांनी फिरवून दाखवले. हिरवे डोंगर, भरलेले बंधारे, डाळिंबाच्या बागा, भिंतीवर परदेशी पाहुण्यांचे फोटो. नंतर मी बौद्धवाड्यात गेलो. तिथल्या एका मावशीने चहा दिला आणि म्हणाली, "दादा, डोंगर हिरवा झाला, खोटं कशाला बोलू. तीन वरीस चर खांदायचं कामबी मिळालं. मग काम सपलं आन शेरडं आधीच इकली व्हती." तिच्या घराला पाणी कुठून, विचारले. नळ होता. शेत? शेत नव्हते. हिरव्या डोंगराखाली ती आता दुसऱ्याच्या डाळिंबात रोजाने जात होती. रोज मिळत होता, हेही खरे. पूर्वी तिला ऊसतोडीला जावे लागे, आता लागत नव्हते. म्हणजे तिचे वाईट झाले असेही म्हणता येत नाही. एवढेच म्हणता येते की जर्मन करदात्याच्या पैशाने गावातल्या एका माणसाची बाग झाली आणि एका बाईला त्या बागेत मजुरी मिळाली. कार्यक्रमाच्या अहवालात मात्र दोघांच्या नावासमोर 'लाभार्थी' हा एकच शब्द असणार.

हा भेद एकट्या जर्मन कार्यक्रमापुरता नाही. पाणलोटाच्या बहुतेक कामांत लाभ जमिनीच्या प्रमाणात वाटला जातो आणि गायरान बंद झाल्याचा भुर्दंड भूमिहीनांवर पडतो, हे अभ्यासकांनीही मांडलेले आहे. सरकारच्या स्वतःच्या मदतीतही तेच. आपत्ती निवारण निधीतून पीक बुडाल्याची भरपाई हेक्टरी मिळते. केंद्राच्या २०२२ च्या निकषांनुसार कोरडवाहूला ८,५०० रुपये. हेक्टरच नसेल तर गुणाकार कशाचा करणार? ८,५०० गुणिले शून्य. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशातल्या कसल्या जाणाऱ्या क्षेत्रापैकी ९ टक्क्यांहूनही कमी क्षेत्र अनुसूचित जातींच्या हाती आहे, आणि लोकसंख्येत त्यांचे प्रमाण २०११ च्या जनगणनेनुसार साडेसोळा टक्क्यांच्या वर. ही तफावत हेक्टरी मदतीच्या प्रत्येक रुपयात आपोआप उतरते. त्यासाठी तलाठी जातीयवादी असावा लागत नाही. असला तर सोन्याहून पिवळे.

आणि आपल्याकडे जमीन का नाही, याचे उत्तर कोणी आळशीपणात शोधत असेल तर त्याला १९२८ चे बाबासाहेबांचे महार वतनाचे बिल वाचायला द्या. हाडकी-हाडोळ्याच्या तुकड्यावर पिढ्यान्‌पिढ्या गावकी करून घेतली. ती वतने कायद्याने संपली तेव्हा जमीन परत नावावर करून घ्यायलाही पैसे भरावे लागले. नंतर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह केले, लाखो लोक तुरुंगात गेले, मागणी काय होती? पडीक आणि गायरान जमीन कसणाऱ्याला द्या. मराठवाड्यात आपल्या लोकांनी गायराने फोडली, डोकी फोडून घेतली, आणि २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची अनुसूचित जाती-जमातींची अतिक्रमणे नियमित करायचे ठरले. किती झाली आणि किती फायली धूळ खात आहेत, हे प्रत्येक तालुक्यातल्या कार्यकर्त्याला माहीत आहे. आता जोडून बघा. एकीकडे तेच गायरान आपल्या माणसाने कसण्यासाठी मागितले की ते 'अतिक्रमण' होते. दुसरीकडे परदेशी निधीतून तेच गायरान चराईबंदीत गेले, त्यावर झाडे लागली, की तो 'लोकसहभाग' होतो. ज्याच्या पोटावर हा लोकसहभाग होतो त्याला ग्रामसभेत विचारले होते का? ग्रामसभेत तो कुठे बसला होता, की उभाच होता?

४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्याबद्दल जे म्हटले त्यावर अनेक सभासद भडकले होते. गावाला एक घटक मानायला त्यांनी नकार दिला आणि माणसाला, व्यक्तीला घटक मानले. परदेशी मदत देणारे सरकार अजूनही गावाला घटक मानते. बर्लिनमधल्या अधिकाऱ्याला 'ग्रामसभेने ठरवले' म्हटले की लोकशाही दिसते. आपल्याला त्यात पाटलाचा वाडा दिसतो. त्याचा दोष अज्ञानाचा आहे आणि ते अज्ञान दूर करणे आपले काम होते. ते आपण केले नाही.

काहीजण म्हणतील, जातीचे हे दुखणे परक्यांपुढे कशाला उघडे करायचे? हाच सूर २००१ च्या डर्बन परिषदेत भारत सरकारने लावला होता, की जात हा आमचा घरचा प्रश्न आहे. आपले कार्यकर्ते तिथे गेले आणि भांडले. २००२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेद निर्मूलन समितीने जन्माधारित भेदभाव, त्यात जातही, आपल्या कक्षेत येतो असे स्पष्ट केले. २००७ मध्ये युरोपीय संसदेने दलितांच्या मानवी हक्कांवर ठराव केला. म्हणजे युरोपातल्या सरकारांना जात म्हणजे काय हे ठाऊक नाही अशी स्थिती राहिलेली नाही. ठरावात जात आहे, निधीच्या फॉर्ममध्ये मात्र नाही. जागतिक बँक हे काही एका देशाचे सरकार नव्हे, पण तिचीही तीच गत. महाराष्ट्राच्या हवामान अनुकूल शेतीच्या प्रकल्पाला, ज्याला आपण पोकरा म्हणतो, तिने २०१८ मध्ये ४२ कोटी डॉलर कर्ज दिले. आदिवासींसाठी बँकेचे स्वतंत्र धोरण आहे, दलितांसाठी तसे नाही. त्या प्रकल्पात भूमिहीनांना शेळीपालनाचे अनुदान होते, हे बरे. एका योजनेत शेळी जाते, दुसरीत अनुदानावर परत येते, आणि मधल्या वर्षांत आपला माणूस कागदपत्रे गोळा करतो.

दुसरा आक्षेप आपल्याच चळवळीतला आहे आणि तो मी हसण्यावारी नेत नाही. परदेशी पैशाने चळवळीचे दात पडले, मोर्चा काढणारा पोरगा प्रकल्प समन्वयक झाला, हे आपण डोळ्यांनी पाहिले. जी संघटना पगारावर उभी असते ती निधी संपला की बसते. म्हणून मी 'आपल्या संस्थांना पैसा द्या' असे म्हणतच नाही. तसाही तो मार्ग आता आवळला गेला आहे. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० मध्ये दुरुस्ती झाली आणि एका संस्थेने घेतलेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला देण्यास बंदी आली. तालुक्यातली छोटी दलित संघटना अशा वाटून मिळणाऱ्या निधीवरच जगत होती. तिचा नळ बंद झाला, मोठ्या संस्थांचा आणि सरकार ते सरकार येणाऱ्या पैशाचा चालूच आहे. मग उरलेल्या त्या मोठ्या पैशाचा हिशेब मागणे, तेही एक रुपया न घेता, हे आपण करू शकतो. ज्याने ताटातले काही उचलले नाही त्याच्या प्रश्नाला वजन असते.

'पाण्याचा जातीनिहाय हिशेब कसा ठेवणार?' असे अधिकारी विचारतील. ठेवता येतो. महाराष्ट्राने दुष्काळातून शिकून १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा केला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. वि. स. पागे यांची ती कल्पना, आणि पैसा कोणत्याही परदेशाचा नाही, इथल्या पगारदारांच्या व्यवसाय करातून आलेला. मिलो मेहरबानीने मिळाली, काम कायद्याने मिळाले. याच कायद्याची पुढची पायरी म्हणजे केंद्राचा २००५ चा कायदा, आणि त्यात मनुष्यदिवसांपैकी अनुसूचित जातींचे किती, जमातींचे किती, महिलांचे किती, याचा गावपातळीपर्यंतचा आकडा संगणकावर सगळ्यांना बघता येऊ लागला. कोट्यवधी मजुरांचा हिशेब ठेवता येतो आणि एका पाणलोटातल्या दोनशे विहिरींचा ठेवता येत नाही, हे कोणाला पटेल? काम सुरू होण्याआधी गावात विहिरी किती, कोणाच्या, भूमिहीन घरे किती, शेळ्या किती, हे नोंदवा. पाच वर्षांनी पुन्हा मोजा. पाणी वाढले तर त्यातला वाटा भूमिहीनालाही द्या. पाण्यावर भूमिहीनाचाही हक्क हे काही स्वप्न नाही, पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने जमिनीच्या एकरावर न जाता घरातल्या माणसांवर पाणी वाटले आणि भूमिहीनांनाही हिस्सा दिला. ते महाराष्ट्रात, १९७२ च्या दुष्काळानंतरच घडले. बाबासाहेबांची १९४७ ची 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' मधली मागणी तर याहून पुढची होती, जमीनच राज्याची करा आणि जात न बघता कसायला द्या.

जाता जाता एक. भारत आता स्वतः देणारा झाला आहे. २०२४ मध्ये आफ्रिका खंडाच्या दक्षिण टापूत दुष्काळ पडला तेव्हा भारताने झिम्बाब्वे आणि मलावीला प्रत्येकी १,००० टन तांदूळ आणि झांबियाला १,३०० टन मका पाठवला. चांगले केले. तिथे ते धान्य शेवटच्या घरापर्यंत गेले का, हे आपले सरकार विचारणार असेल तर तोच प्रश्न बर्लिनने आणि टोकियोने इथे विचारल्यावर 'अंतर्गत बाब' म्हणून अंगावर येण्याचे कारण राहत नाही.

आता कामाचे. ज्या तालुक्यांत गेल्या तीस वर्षांत परदेशी निधीतून पाणलोटाची कामे झाली, तिथल्या साथींनी आधी गावांची यादी मिळवावी. माहिती अधिकारात अर्ज करताना 'लाभार्थ्यांची माहिती द्या' असे मोघम लिहू नका, 'लागू नाही' असे उत्तर येते. गावनिहाय खर्च, पाणलोट समितीच्या सदस्यांची यादी, चराईबंदीचा ठराव झालेल्या ग्रामसभेचे इतिवृत्त आणि हजेरीपत्रक, आणि बंद केलेल्या गायरानाचे गट क्रमांक, असे नेमके मागा. गट क्रमांक हातात आले की १९९१ च्या निर्णयाखालील प्रलंबित दाव्यांशी ते ताडून बघा. दोन्हींत एकच गट सापडला तर तहसीलदाराला लेखी विचारा. २०११ च्या जगपाल सिंग निकालाचा कागद कोणी तोंडावर फेकला तर त्याच निकालात भूमिहीन आणि अनुसूचित जाती-जमातींना शासनाने दिलेल्या जमिनींचा अपवाद आहे, ते पान दाखवा. आणि वस्तीवर बसून शेळ्यांची नोंद करा, आधी किती होत्या, आता किती. ही नोंद कोणत्याही कार्यालयात मिळणार नाही, ती मावशांना विचारूनच करावी लागेल. अर्जाचा मसुदा माझ्याकडे तयार आहे. पुढचे टंचाई आराखडे ठरू लागतील, त्याच्या आत पहिले अर्ज गेले पाहिजेत.